मदत हवी आहे : प्रकार्यवादावर सेमिनार आहे आणि आज्जीनं घोळ घातलाय

नमस्कार मंडळी,

एम.ए. समाजशास्त्राचं पहिलं वर्ष. गाव खानापूर तालुक्यात, कॉलेज बेळगावात. दहावीपर्यंत मराठी शाळा, आता पुस्तकं इंग्रजी आणि सर समजावतात ते निम्मं कन्नडमध्ये. डोक्यात भेळ झाली आहे, शब्द चुकले तर सांभाळून घ्या.

येत्या गुरुवारी सेमिनार : 'प्रकार्यवाद आणि त्याचे टीकाकार'. प्रकार्यवाद म्हणजे समाजातल्या प्रत्येक रीतीचा समाज टिकवायला काही उपयोग असतो, असं मानणारा विचार. मी उदाहरण घेतलं बारा बलुतेदारांचं. आमचं घर परटाचं, म्हटलं घरचंच वापरू. शरीरात अवयव तसे गावात सुतार, लोहार, न्हावी, परीट. एकाचं दुसऱ्यावाचून अडतं, म्हणून गाव एकसंध राहतं. समाजशास्त्रज्ञ दुर्खाइमचं १८९३ चं श्रमविभागणीवरचं पुस्तक आणि पार्सन्सनं सांगितलेल्या समाजाच्या चार गरजा (परिस्थितीशी जुळवून घेणं, उद्दिष्ट गाठणं, सगळ्यांना बांधून ठेवणं, मूल्यं जपणं) सगळं चपखल बसलं. इतकं चपखल बसलं तिथंच शंका यायला हवी होती.

रविवारी घरी आज्जीला हे सांगितलं. म्हणाली, "होय की. तवा कोण उपाशी ऱ्हाइत नव्हतं. सुगीला खळ्यावर गेलं की भात मिळायचंच." मी खूश. मग तिची गाडी सुरू झाली. बाळंतिणीची लुगडी तीच धुवायची, पावसात मलप्रभेला लाल पाणी आलं तरी. खळ्यावर सूप घेऊन शेवटी उभं राहायचं, मालक घालेल तेवढं घ्यायचं. कमी पडलं म्हटलं तर "पुढच्या सुगीला बघू". ती पुढची सुगी कधी आलीच नाही म्हणे.

आता अडचण अशी, की आज्जी पहिल्या वाक्यात प्रकार्यवादी आहे आणि पुढं अर्धा तास टीकाकार. तिचं कुठलं बोलणं धरू? आणि एका म्हातारीच्या सांगण्यावरून सिद्धांत मोडतो असं म्हणता येतं का? शिवाय नोट्समध्ये समाजशास्त्रज्ञ मर्टन एकदा प्रकार्यवादी म्हणून आलाय, एकदा टीकाकार म्हणून. तो नक्की कुठला?

— मलप्रभाकाठ

प्रतिसाद : फळा-खडू

मर्टन घरातला टीकाकार. घर सोडलं नाही, पण १९४९ च्या पुस्तकात प्रकार्यवादाच्या तीन भिंती पाडल्या. समाजातली प्रत्येक रीत सगळ्या समाजाच्या भल्याची असते, जे जे टिकलंय त्याला काही ना काही उपयोग असतोच, आणि ते नसेल तर समाजाचं चालणारच नाही, ही ती तीन गृहीतकं. मर्टन म्हणतो, तिन्ही तपासा. रीत एका गटाला उपकारक आणि दुसऱ्याला अपायकारक असू शकते, त्याला त्यानं अपकार्य म्हटलं. म्हणजे पहिला प्रश्न 'उपयोग काय' हा नाही, 'उपयोग कुणाला' हा आहे. तुमच्या आज्जीनं तो खळ्यावरच विचारला होता.

तिसरी भिंत तर तुमच्या गावातच पडलेली असेल. आता परटाला बलुतं देतात का? नसतील, तर गाव मोडलं का? कपडे कुणीतरी धुतंयच ना. यालाच तो प्रकार्यात्मक पर्याय म्हणतो.

आणि कर्नाटकातलं कॉलेज आहे, समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवासांचं नाव घ्याच. ऑक्सफर्डला प्रकार्यवादी मानववंशशास्त्रज्ञ रॅडक्लिफ-ब्राउनचे विद्यार्थी, १९५२ चं कोडगूवरचं पुस्तक त्याच वळणाचं. घेतलं नाहीत तर पहिला प्रश्न तोच येईल.

प्रतिसाद : चिकोडीकर

ताई, दुर्खाइमला इतक्या लवकर सोडू नका. त्याच पुस्तकाचा तिसरा भाग कुणी वाचत नाही. तिथं तो स्वतःच लादलेल्या श्रमविभागणीबद्दल बोलतो. काम माणसाच्या कुवतीप्रमाणे न मिळता जातीनं किंवा वर्गानं लादलं गेलं, तर त्यातून एकोपा निपजत नाही. म्हणजे ज्याच्या जिवावर बलुतेदारीचं गोड चित्र काढलंत, तोच ते पुसतो. याच्या शेजारी बाबासाहेबांचं १९३६ चं भाषण ठेवा, लाहोरला होऊ न शकलेलं : जात ही श्रमाची विभागणी नुसती नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे. सेमिनारचा कणा एवढाच ठेवलात तरी चालेल.

डेव्हिस आणि मूर हे प्रकार्यवादी (१९४५) दोन मिनिटांत उरका. महत्त्वाच्या जागी लायक माणूस यावा म्हणून मोबदला जास्त, असं त्यांचं म्हणणं. त्यांचा टीकाकार ट्यूमिन, त्यानं १९५३ मध्ये उलट दाखवलं, की विषमतेमुळं लायक माणूस सापडतच नाही. परटाच्या पोरीला दुसरं काही जमतं का, हे कुणी पाहिलं होतं?

प्रतिसाद : १नोव्हेंबर

सीमाभागात राहता आणि सीमाप्रश्न नाही? समाजशास्त्रज्ञ कोझरचं संघर्षावरचं १९५६ चं पुस्तक घ्या, बाहेरच्याशी संघर्ष असला की गट आतून घट्ट होतो. बेळगावात मराठी माणसं १ नोव्हेंबरला काढतात ती काळ्या दिनाची फेरी बघा.

प्रतिसाद : चिकोडीकर

घट्ट होतो, आणि निवडणूक आली की महाराष्ट्र एकीकरण समितीचेच दोन उमेदवार! कोझरनंच लिहिलंय, आत मुळात सहमती नसेल तर बाहेरच्या संघर्षानं गट फुटतोसुद्धा. पण धागा बलुत्याचा आहे, तिकडं नको वळवायला.

प्रतिसाद : फळा-खडू

एक राहिलं. आज्जीची दोन्ही वाक्यं ठेवा, एकही गाळू नका. समाजशास्त्रज्ञ गोल्डनर १९६० मध्ये परतफेडीच्या नियमावर लिहितो, की देवाणघेवाण असमान असूनही व्यवस्था टिकत असेल, तर तिच्या मागं सत्ता आहे का ते बघावं लागतं. 'उपाशी ऱ्हाइत नव्हतं' हे खरं आहे. ते कुणाच्या मर्जीनं, हेही खरं आहे. आणि एका म्हातारीनं सिद्धांत मोडत नाही, पण 'सगळ्यांच्या भल्याचं' हे विधान मोडायला एक अपवाद पुरतो.

प्रतिसाद : मलप्रभाकाठ

सर, चिकोडीकर दादा, खूप आभार. काल आज्जीला फोन करून विचारलं, एवढं कमी मिळायचं तर भांडला का नाही? म्हणाली, "भांडून जायाचं कुठं? दुसऱ्या गावात त्यांचा परीट हाय की." हे गोल्डनरच्या खाली लिहून घेतलंय.

डार्‍हेनडॉर्फ आणि मिल्स हे टीकाकार वीस मिनिटांत बसत नाहीत, दोघांची पुस्तकं १९५९ ची, फक्त एवढं सांगून पुढं जाते. एकच शेवटचं : अपकार्याला कन्नडमध्ये काय म्हणतात, कुणाला माहीत आहे? कॉलेजातले सर तिथंच अडवणार.