मदत हवी आहे : 'एग ऑन' म्हणजे हुरूप देणं की चिथावणं?

नमस्कार मंडळी,

परळच्या आमच्या ऑफिसातले साहेब महिनाअखेर रिटायर होतायत. निरोपसमारंभात इंग्रजीतून चार शब्द बोलायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. खात्याची परीक्षा द्यायला त्यांनीच मला भरीस घातलं होतं, नाहीतर मी अजून त्याच टेबलावर असतो. म्हणून लिहिलं, 'ही ऑल्वेज एग्ड मी ऑन.' रात्री घरी वाचून दाखवलं, तर लेक हसत सुटली. "बाबा, साहेबांनी तुम्हाला मारामारीला लावलं असं वाटतंय!"

डिक्शनरीत तर 'एन्करेज' हाच अर्थ दिसतो. मग बिघडलं कुठे? आणि यात अंडं कुठून आलं? (बायकोचा प्रश्न.)

प्रतिसाद १
लेक बरोबर आहे. दहीहंडीला खालून सगळे ओरडतात ना, ते 'चिअर ऑन'. पण एखादा पोरगा वर जायला घाबरतोय आणि चार टवाळ त्याला "जा रे, काय होत नाही" म्हणून चढवतायत, ते 'एग ऑन'. ज्यात धोका, भांडण किंवा निव्वळ मूर्खपणा आहे, त्यासाठीच हा शब्द जास्त येतो. मित्रामित्रांत गमतीने चालतो, निरोपाच्या भाषणात नको. मराठीत चिथावणं, फूस लावणं.

प्रतिसाद २
वहिनींना सांगा, अंड्याचा काही संबंध नाही. जुन्या नॉर्स, म्हणजे स्कँडिनेव्हियातल्या जुन्या भाषेतलं 'एग्या' हे क्रियापद इंग्रजीत आलं, अर्थ उचकवणं. धार या अर्थाचा 'एज' त्याच्याच नात्यातला. 'एन्करेज'मधलं 'करेज' मात्र फ्रेंचमार्गे लॅटिन 'कोर'पर्यंत जातं, म्हणजे हृदय. एक शब्द धारेचा, एक काळजाचा. साहेबांना कुठला द्यायचा ते तुम्हीच बघा.

धागाकर्ता
दोघांचे आभार. 'एन्करेज्ड' करून टाकतो. पण खरं सांगू का, ते फारच सपक वाटतंय. साहेब गोड बोलून धीर देणाऱ्यातले नव्हेतच. फॉर्म स्वतः आणून टेबलावर आपटला होता, "आज भरला नाहीस तर उद्या चहाला बोलावणार नाही" म्हणाले. याला 'पुश्ड' चालेल का?

प्रतिसाद १
पळेल! 'ही पुश्ड मी टू टेक द एग्झाम.' आणि चहाचा किस्सा तेवढा मराठीतच सांगा.