बेळगावातल्या शहापूरच्या जुन्या माड्यांत कॅफे-गॅलऱ्या आल्या, तर माड्या वाचतील की जातील?

खणमाप (धागाकर्ता)

एस्टोनियाची राजधानी टॅलिन. तिथल्या जुन्या तटाबाहेर, रेल्वे स्टेशनला लागून कालामाया नावाचा भाग आहे. नावाचा अर्थ मासळीघर. मूळची कोळ्यांची वस्ती. १८७० मध्ये रेल्वे आली, मागोमाग कारखाने आले आणि कामगारांसाठी दुमजली लाकडी घरांच्या रांगा उभ्या राहिल्या. सोव्हिएत काळात या घरांकडे कुणी बघितलं नाही. आज तीच घरं फळी न् फळी दुरुस्त करून लोक राहतात आणि शेजारच्या जुन्या रेल्वे कारखान्याच्या आवारात तेलिस्किवी नावाची कलावसाहत आहे. स्टुडिओ, नाटकं, छोट्या खानावळी. लोक तिथं गल्ल्या पायी फिरायला जातात.

आता आपल्याकडे बघा. कपिलेश्वराकडून रेल्वे ओलांडून शहापुरात शिरलं की जोत्याची, सोप्याची (पुढच्या ओसरीची), माडीची घरं अजून उभी आहेत. सांगली संस्थानच्या काळापासूनची ही पेठ, साड्यांच्या मागांची आणि सराफांची. इकडं अनंतशयन गल्ली, रिसालदार गल्लीतही काही शिल्लक आहेत. माझं मत सरळ आहे: खालच्या सोप्यात कारागीर, पुस्तकाचं दुकान, कॅफे येऊ द्या आणि वर माडीवर घरचे लोक राहू द्या. भाड्याचा पैसा आला तरच दुरुस्ती होईल. रिकामं घर सगळ्यात आधी पडतं, कारण कौलं चाळायला कुणी नसतं. जूनमध्ये एक कौल सरकलं की त्याखालचा वासा दसऱ्यापर्यंत भिजत राहतो.

आणि वापर बदलून घर टिकतं याचा दाखला गावातच आहे. ऑक्टोबर १८९२ मध्ये स्वामी विवेकानंद रिसालदार गल्लीत भाट्यांच्या ज्या घरी उतरले होते, ते रामकृष्ण मिशननं स्मारक म्हणून जपलं आहे.

उथळा_आणि_खांब

खणमापदादा, स्मारकात दिवसाला मोजकी माणसं येतात, चप्पल काढून हळू चालतात. कॅफेत तसं होत नाही. विरोध नोंदवतो, आणि हिशेबासकट.

तुम्ही खाली कॅफे म्हणता, पण जागा पुरेनाशी झाली की सहा महिन्यांत टेबलं माडीवर जातात. माडीची जमीन कशी असते? तुळईवर कडीपाट (आडव्या कड्या आणि फळ्या) आणि त्यावर मातीचा थर. चार इंच माती म्हणजे चौरस मीटरला दीडशे ते पावणेदोनशे किलो, तीही कोरडी असताना. त्यावर कुणीतरी मधल्या काळात दोन इंच सिमेंट टाकून फरशी बसवलेली असते. आणखी शंभर किलो. हे सगळं माणूस पाय ठेवायच्या आधीचं वजन. घरातल्या खोलीसाठी भारतीय मानकात वापराचं वजन चौरस मीटरला सुमारे २०० किलो धरतात, खानावळीसाठी ४००. म्हणजे दुप्पट. सागवानाची तुळई धडधाकट असेल तर पुष्कळ सोसते, पण या तुळया भिंतीत शिरतात तिथं आतून पोकळ झालेल्या असतात आणि बाहेरून रंग झकास दिसतो.

दुसरी गोष्ट आगीची. कालामायात १९२०-३० च्या दशकांत बांधलेल्या घरांना 'टॅलिन घर' म्हणतात: दोन्ही बाजूंचे भाग लाकडी आणि मधला जिना दगडी. जिना दगडी का, तर आग लागली तरी वरच्यांना उतरता यावं. आपला जिना भिंतीच्या जाडीत, एका माणसापुरता, लाकडाचा, वर झडप. खाली गॅस शेगडी चालू आणि वर पंचवीस गिऱ्हाइकं, हे मला मान्य नाही.

चुन्याची_घाणी

काका, वजनाचं गणित बरोबर, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकतो असं मला वाटतं. तुळईचं टोक कॅफेमुळं कुजत नाही. ते सिमेंटमुळं कुजतं, आणि ते सिमेंट घर राहतं असतानाच लागलेलं आहे.

मातीची भिंत जोत्यातून ओल ओढते आणि दोन्ही अंगांनी सुकते. बाहेरून सिमेंटचा गिलावा आणि आतून प्लास्टिक रंग दिला की सुकायची वाट बंद. मग ओल वर वर चढत तुळईच्या टोकाशी येते. लाकडातला ओलावा वीस टक्क्यांच्या वर टिकला की बुरशी धरते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर भिंत कोरडी होतच नाही, त्यामुळं उरलेल्या आठ महिन्यांत तिला श्वास घेता यायलाच हवा.

तपासणी कुणालाही जमेल. स्क्रू ड्रायव्हर घ्या, भिंतीपासून एक वीत अंतरात तुळईच्या खालच्या अंगाला दाबा. चांगल्या सागवानात टोक रुतत नाही. अर्धा इंच सहज आत गेलं तर कूज आहे. मग हातोडीच्या दांड्यानं ठोकत मध्याकडे या. आवाज भद्द येतो तिथपर्यंत लाकूड गेलं, खणखणीत लागला की जिवंत लाकूड सुरू.

दुरुस्तीचा क्रम महत्त्वाचा. आधी टेकू. टेकूखाली जाड फळी आडवी, नाहीतर टेकूच जमिनीत घुसतो. वर माडी असेल तर टेकू स्क्रू जॅकचा घ्या आणि तुळई उचलायच्या भानगडीत पडू नका, फक्त पेला. शंभर वर्षं वाकलेली तुळई सरळ करायला गेलं की वरची भिंत तडकते. मग कुजकं टोक कापून जुन्याच, मुरलेल्या सागवानाचा तुकडा तिरप्या सांध्यानं जोडायचा. सांध्याची लांबी तुळईच्या उंचीच्या निदान अडीच-तीनपट, बोल्ट स्टेनलेसचे. ओलं नवं लाकूड लावलं तर ते आकसतं आणि पहिल्याच उन्हाळ्यात सांधा उघडतो. शेवटी टोक भिंतीत बसवताना चारी बाजूंनी बोटभर फट मोकळी ठेवा. गवंडी ती फट मसाल्यानं भरायला धावतो. त्याला थांबवा. ती फटच तुळई वाचवते.

गिलावा चुन्याचा: एक भाग भिजवून मुरवलेला चुना, अडीच भाग चाळलेली वाळू, थोडी विटेची सुर्खी. थर अर्ध्या इंचाहून जाड नको, दुसरा थर पहिला घट्ट झाल्यावर. आठ-दहा दिवस गोणपाट ओलं ठेवायचं. जुनं सिमेंट दिवाळीनंतर उतरवा, भिंत जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत वाळू द्या, मग चुना. मे महिन्यात घाईनं केलेला चुना धुळीसारखा हाताला लागतो, कारण पाणी आधीच उडून गेलेलं असतं.

एवढं काम पगारावर चालणाऱ्या घराला परवडतं का? म्हणून भाडं हवं. माझा कौल खणमापांना.

वडगाव_धोटा

भाडं हवं, पण कुणाकडून आणि कुणाच्या जागी? हा प्रश्न वर कुणीच विचारला नाही.

तेलिस्किवी कलावसाहत कारखान्याच्या आवारात झाली, कुणाच्या राहत्या सोप्यात नाही. हा फरक धाग्यातला सगळ्यात मोठा आहे. शहापूर-वडगावात सोप्यात माग आहे. कलाकार बाहेरून आणायची गरज नाही, तो मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसलेला आहे. कॅफेवाला मागापेक्षा जास्त भाडं देऊ शकतो, त्यामुळं पहिल्यांदा उठेल तो भाड्याच्या जागेतला विणकर. मग 'साड्यांची गल्ली' अशी पाटी राहील, साडी राहणार नाही. गॅलरी हवीच असेल तर उद्यमबागेच्या औद्योगिक वसाहतीकडं एखादी रिकामी शेड बघा. छत उंच, जमीन मजबूत, ट्रक दारात येतो, आग लागली तर बंब आत जातो. आपल्या गल्लीत बंब वळतो का बघा.

एक गोष्ट मात्र स्वतःच्या बाजूविरुद्ध सांगतो: यंत्रमागही या घरांचा शत्रू आहे. त्याची थरथर खांबातून तुळईत जाते, खिळे ढिले होतात, कौलं सरकतात. हातमागाला घर सोसतं. यंत्रमाग असेल तर त्याचा पाया खांबाच्या उथळ्यापासून (बुडाच्या दगडापासून) सुटा करून घ्या, खाली रबराची पट्टी घाला.

मोडी_ते_कन्नड

थोडक्यात एक अडचण, कारण तिच्यावर सगळे बेत अडतात. यातल्या बऱ्याच घरांचे जुने खरेदीखत-वाटणीपत्र मोडीत, सिटी सर्व्हेचा उतारा कन्नडमध्ये, आणि उताऱ्यावर नाव आजोबांचं. वारस पुण्यात, मुंबईत, गोव्यात. भाडेकरार करायचा तर आधी सगळ्या वारसांची नोंद, नाहीतर एका भावानं सही केली आणि दुसऱ्यानं कोर्टात स्थगिती आणली, तोवर कॅफेवाल्यानं आतला खर्च करून झालेला असतो. मोडी वाचणाऱ्याकडून आधी लिप्यंतर करून घ्या. चतुःसीमेत 'पडसार', 'बोळ', 'सामाईक आड' असं लिहिलेलं असतं आणि त्या एका शब्दावर सामाईक भिंत कुणाची ते ठरतं. सामाईक भिंतीत तुळई दोन्ही घरांची असते. शेजाऱ्याला न सांगता टेकू लावला तर भांडण ठरलेलं.

परसदार

सामाईक आडाचा विषय निघाला म्हणून. वाळवीसाठी भिंतीच्या बुडाशी फूटफूटभर अंतरावर भोकं पाडून क्लोरपायरीफॉस सोडतात. परसात आड असेल तर हे करू नका, शेजाऱ्याचा असला तरी. आपल्याकडची जांभ्याची जमीन जाळीदार असते, औषध पाण्यात उतरायला वेळ लागत नाही. तिथं खांबाचं बूड मोकळं करून बोरॅक्स-बोरिक पावडरचं पाणी कोरड्या लाकडाला दोन-तीनदा पाजा, आणि वाळवीची मातीची नळी दिसली की ती कुठून येते ते शोधून खरवडून काढा. पावसाचं पाणी लागेल अशा लाकडावर मात्र बोरॅक्स टिकत नाही, धुऊन जातं. तिथं वरून तेलाचा हात हवा.

कालामायाचे फोटो बघून इथं कुणी जवसाच्या तेलाचा रंग सुचवला तर दोन गोष्टी. आपल्या दमट हवेत कच्च्या जवस तेलावर काळी बुरशी येते, म्हणून उकळलेलंच घ्यायचं आणि हात अगदी पातळ. आणि तेलाची चिंधी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापून पेटते. पाण्यात बुडवा किंवा दोरीवर पसरून वाळवा. बाहेरच्या वाशांना काजूच्या टरफलाचं तेल चांगलं, चंदगड-खानापूर पट्ट्यात काजूचे कारखाने आहेत. कातडी भाजते, हातमोज्याशिवाय हात लावायचा नाही.

खणमाप

सगळं वाचलं. उथळाकाका, वर गिऱ्हाईक नको हे मान्य करतो. माडीवर कुटुंबच, आणि ते नसेल तरी तिथं पुस्तकं-कागदांचा साठा नको, कारण रचलेला कागद माणसांपेक्षा जड. सिमेंट-फरशी उतरवली तरी मातीचा थर सगळा काढू नये; दोन इंच ठेवावा, खालची आग वर जायला तोच वेळ लावतो. खाली गॅस नको, स्वयंपाक परसातल्या वेगळ्या पत्र्याच्या खोलीत, सोप्यात फक्त चहा-कॉफी विजेवर. वायरिंग नवं, लोखंडी पाइपातून, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा खटका) लावून.

धोटाभाऊ, शेडीचा मुद्दा मात्र पटत नाही. शेडीत गॅलरी झाली तर शेड वाचेल. माडी पडायची ती पडेलच, कारण तिच्याकडे एक रुपयाही येणार नाही.

उथळा_आणि_खांब

स्वयंपाक परसात आणि वर कुटुंब एवढं लेखी करारात असेल, तर विरोध अर्धा मागे घेतो. उरलेला अर्धा जिन्यासाठी. परसाच्या बाजूनं दुसरा जिना काढा, लोखंडी चालेल, पण त्याचं वजन जुन्या भिंतीवर टाकू नका, स्वतःच्या पायावर उभा करा.

वडगाव_धोटा

माझा विरोध कायम. जिथं माग चालू आहे त्या सोप्यात कॅफे नको, रिकाम्या सोप्याचं बघा. आणि रिकाम्या सोप्यात जुन्या खड्डामागाचा खड्डा असेल तर फरशी घालायच्या नादात तो काँक्रीटनं बुजवू नका. खड्ड्यातून निघणारी ओल वर यायची बंद होते आणि शेजारच्या खांबाच्या बुडाला जाऊन भिडते. कोरडी वाळू भरा, वर सुट्या शहाबादी लाद्या मांडा. उद्या कुणाला परत माग लावावासा वाटला तर लाद्या उचलल्या की खड्डा तिथंच आहे.