मदत हवी आहे : पवनचक्कीसाठी जीडब्ल्यूओ ट्रेनिंग मुंबईजवळ कुठे?

धाकटा भाऊ आयटीआय इलेक्ट्रिशियन, वायरमन लायसन्सही आहे. आजवर कंत्राटदारातर्फे औष्णिक केंद्रांत शटडाऊनची कामं केली. आता साताऱ्याकडे पवनचक्की मेंटेनन्सचं काम मिळतंय, पण तिथे जीडब्ल्यूओ (ग्लोबल विंड ऑर्गनायझेशन) बेसिक सेफ्टी, म्हणजे पवनचक्कीवर काम करणाऱ्यांचं सुरक्षा ट्रेनिंग, हवंच. प्लांटचा हाइट पास (उंचीवर काम करायची परवानगी) दाखवून पाहिला, चालणार नाही म्हणाले. टॉवर जमिनीवरचे, त्यामुळे सी सर्व्हायव्हल (समुद्रात जीव वाचवण्याचं मोड्यूल) नको. प्रथमोपचार, आग, उंचीवरचं काम आणि मॅन्युअल हँडलिंग एवढी चार मोड्यूल हवीत. विंडा (जीडब्ल्यूओची ट्रेनिंगच्या नोंदींची ऑनलाइन यादी) आयडी काढून ठेवलाय.

एक एजंट म्हणतो, 'आधार पाठवा, सर्टिफिकेट घरपोच.' अहो, हार्नेस अडकवून टॉवरच्या आतली शिडी चढायची, तिथे असला कागद काय कामाचा? आणि विंडावर नोंद दिसली नाही तर गेटवरूनच परत पाठवतील.

जीडब्ल्यूओच्या यादीतली सेंटर्स पाहिली, पण तिथे फी दिलेली नाही. आम्ही चेंबूरला राहतो, पैसे खिशातूनच भरायचेत.

मुंबई-पुणे पट्ट्यात कुणी अलीकडे हे चारही मोड्यूल केलेत का? राहण्याजेवणासकट किती खर्च आला? आणि सर्टिफिकेटची मुदत दोनच वर्षांची, तर ऑफर लेटर हातात येईपर्यंत थांबावं की आधीच करून टाकावं?