शब-ए-बरातला ठरावीक नमाज आहे का? सासूबाईंना काय सांगू?

अस्सलामु अलैकुम. माझं माहेर मिरजेचं, हनफी. सासर रत्नागिरीकडचं, शाफई; हे सुन्नींमधले दोन फिकही पंथ. शाबान महिन्याची पंधरावी रात्र, म्हणजेच शब-ए-बरात, दोन्हीकडे जागवतात.

सासूबाई आता 74 वर्षांच्या आहेत. या रात्री मगरिबनंतर (सूर्यास्ताच्या नमाजेनंतर) दोन-दोन करून सहा रकात (नमाजेची आवर्तनं) नफ्ल, म्हणजे ऐच्छिक नमाज, पढतात आणि प्रत्येक जोडीनंतर कुरआनातली यासीन सूरा. पहिली जोडी आयुष्यासाठी, दुसरी बला टळावी म्हणून, तिसरी कुणापुढे हात पसरायची वेळ येऊ नये म्हणून. गुडघे वाकत नाहीत, म्हणून खुर्चीवर बसून पढतात. दुपारीच चण्याच्या डाळीचा हलवा परातीत थापतात, वड्या पाडून आळीत वाटतात.

परवा जेवताना हलव्यासाठी डाळ किती आणायची ते विचारत होत्या. धाकटे दीर म्हणाले, "अम्मी, हे सगळं बिदअत आहे." म्हणजे धर्मात मागाहून घुसवलेलं. सासूबाईंनी ताट सारलं. तेव्हापासून मायलेक बोलत नाहीत. मला रात्री विचारतात, "इतकी वर्षं पढले ते वाया गेलं का गं?" मला उत्तर देता येत नाही.

मी वाचलं ते असं: 'या रात्री इबादत करा, दिवसा रोजा ठेवा' ही इब्ने माजा या संग्रहातली हदीस (पैगंबरांचं वचन म्हणून सांगितलेली) फार कमजोर आहे, तिचा रावी (ती पुढे सांगणारा) इब्ने अबी सबरा याच्यावर हदीस रचल्याचा आरोप आहे. शंभर रकातींच्या नमाजेला इमाम नववींनी, तेही शाफईच, सरळ बिदअत म्हटलंय. पण दुआ कबूल होण्याच्या पाच रात्री खुद्द इमाम शाफईंनी, ज्यांच्या नावाने शाफई पंथ आहे, त्यांच्या 'अल-उम्म' या ग्रंथात सांगितल्यात, त्यांत ही आहे. मग धरायचं काय? सहा रकाती बंद करायच्या का? रात्र दहा दिवसांवर आलीय. जाणकारांनी कृपया सांगावं.

उत्तर

वअलैकुम सलाम, ताई. अम्मींना आधी सांगा की अल्लाहसाठी पढलेली नफ्ल वाया जात नाही. सहा रकाती आणि तीन यासीन या पद्धतीला सहीह (खात्रीची) हदीस नाही, ती बुजुर्गांची रीत आहे. ती सुन्नत (पैगंबरांची रीत) किंवा सक्तीची समजू नये, एवढंच. साधी नफ्ल म्हणून जमेल तितकी पढू दे, कजा (वेळेवर पढायच्या राहून गेलेल्या फर्ज नमाजा) राहिल्या असतील तर त्या आधी. कुरआनात जिला हजार महिन्यांहून श्रेष्ठ म्हटलंय ती लैलतुल कद्र, रमजानमधली. ही रात्र तिच्या बरोबरीची नाही.

दिरांनाही सांगा, शामच्या (सीरियाकडच्या) खालिद बिन मअदान, मकहूल या ताबिईंनी (पैगंबरांच्या साथीदारांनंतरच्या पिढीतल्यांनी) ही रात्र जागवली आणि हिजाजच्या (मक्का-मदिनेकडच्या) अता या आलिमांनी ते मानलं नाही. एवढा जुना मतभेद जेवणाच्या ताटावर मिटत नसतो. रोजा ठेवायचा तर 13, 14, 15 असे तिन्ही ठेवा, ते दर महिन्याचे सुन्नत रोजे आहेत.

आणि या रात्रीबद्दलची जी हदीस अलबानी या अलीकडच्या हदीस-अभ्यासकांनीही सहीह ठरवलीय, तिच्यात अल्लाह सगळ्यांना माफ करतो, फक्त शिर्क करणारा (अल्लाहच्या जोडीला दुसऱ्याला मानणारा) आणि मनात वैर धरणारा सोडून. तेव्हा रात्र यायच्या आत दिरांना अम्मींजवळ बसवा. डाळ त्यांनाच आणायला सांगा.