बाबांच्या स्कोअरकार्डाच्या कोपऱ्यातला आकडा कशाचा?

धरमपेठची लेक
बाबा जाऊन परवा महिना झाला. त्यांची गोल्फची बॅग अजून व्हरांड्यात कूलरशेजारी उभी आहे. आई रोज तिच्यावर फडकं मारते, हलवू देत नाही. (आईला या खेळाचं अप्रूप कधीच नव्हतं. "पैसे भरून उन्हात बॉल शोधायला जायचं!" हे मी लहानपणापासून ऐकत आले.)

बाबा रेल्वेच्या हिशेब खात्यातले. गोल्फ चाळिशीनंतर धरला आणि तो त्यांना शेवटपर्यंत नीट आला नाही, हे लेक म्हणून मी खुशाल लिहिते. पण मे महिन्यात पारा ४५ वर गेला तरी पहाटे साडेपाचला घराबाहेर, आणि येताना आमच्यासाठी तर्री पोहे.

कपाटात बुटांच्या खोक्यात त्यांची २१४ स्कोअरकार्डं सापडली. हवेत फिरवलेली काठीसुद्धा एक फटका म्हणून मांडलेली. एका कार्डावर सातव्या होलला ११ फटके. खोडाखोड कुठेच नाही. पण प्रत्येक कार्डाच्या उजव्या कोपऱ्यात पेन्सिलीने गोल करून एक आकडा आहे: ३, १, ५, कधी ०. पट (बॉल होलमध्ये घालायचे शेवटचे हलके फटके) असणार नाहीत, १८ होलमध्ये शून्य पट कसे होतील? दंडाचे फटकेही नाहीत, मी ताडून पाहिलं.

कुणाला माहीत आहे का? आणि बॅगेत काठ्या १५ निघाल्या. नियमाने १४ चालतात ना? बाबा आणि नियम मोडणार? रविवारी क्लबात श्रद्धांजली सभा आहे, मला बोलायला सांगितलंय. त्याआधी कळलं तर बरं.

रविवारची चौकडी
ताई, मी त्यांच्याबरोबर बावीस वर्षं खेळलो. आकडा चहाचा असावा. हरणाऱ्याने चहा पाजायचा असा आमचा करार होता आणि काका बहुतेक हरायचे. हिशेब ठेवत असतील.

मी आलो तेव्हा आमच्याकडे होलभोवती ग्रीन (बारीक कापलेलं गवत) नव्हते, ब्राउन होते. म्हणजे तेल मिसळलेली रेती. पट झाला की आपल्या पावलांचे ठसे फळी ओढून पुसायचे. आम्ही तिघं गप्पा मारत पुढच्या टीकडे, म्हणजे पुढचा होल सुरू होतो तिकडे, निघायचो, काका मागे चौघांचेही ठसे पुसत राहायचे.

२०१९ मध्ये बॉल शोधायची मुदत ५ मिनिटांवरून ३ वर आली. आम्ही खूश, खेळ लवकर उरकतो. काका महिनाभर कुरकुरले, "तीन मिनिटांत माणसाला चष्मा सापडत नाही." पण स्वतःचा बॉल तिसऱ्या मिनिटाला सोडायचे, पाय ओढत मागे जायचे, एक दंड धरून पुन्हा मारायचे. सभेत त्या ११ बद्दल बोला. बाकी भाषणं आम्ही करूच.

पुण्याहून
आकड्याचं माहीत नाही. बॅग कुणाला देणार असाल तर आधी काठ्यांच्या ग्रिप (मुठी) बदलून घ्या. तुमच्याकडच्या उन्हाळ्यात रबर कडक होऊन हातातून सटकतं.

बॅगवाला पोरगा
ताई, मी सायबाचा कॅडी होतो, आता कोराडी रोडले माहं पंक्चरचं दुकान हाय. चहाचा नाही तो आकडा. दुसऱ्याइचे सापडलेले बॉल हायेत ते.

जो तो आपल्या बॉलवर पेनानं खूण करते. सायबाले साऱ्याइच्या खुना पाठ. खेळ झाला का पुन्हा झुडपात. ते पंधरावी काठी त्याच्याचसाठी, मुंडी वाकवलेली, काट्यातून बॉल वढाले. मॅच असली का सकाळीच माह्याजवळ द्यायचे, म्हणे बॅगीत नको, नियम हाय. बॉल घरी नेऊन धुवायचे अन् संत्रा बर्फीच्या डब्यात ठेवायचे, मंग ज्याचा त्याले. बिनखुनेचे आमाले सरावाले भेटायचे.

मी एकडाव एक खिशात टाकला, विकाचा होता. सायेब काही बोल्ले नाही. कार्डावर चार लिवले अन् हातातले तीन बॉल माह्यापुढं धरले. मी चौथा काढून देल्ला. दुसऱ्या दिवशी बॅग मलेच देल्ली उचलाले.

धरमपेठची लेक
दादा, काय लिहू. आईला वाचून दाखवलं. ती उठून फ्रीजवरून डबा घेऊन आली. ती त्याला इतके दिवस बटणांचा डबा समजत होती!

आत १७ आहेत. निळी फुली सहांवर, एकावर ॐ, दोनांवर इंग्रजी आर, बाकीच्यांची शाई उडालीये. आणि एक पिवळा, त्यावर लाल ठिपका आणि खाली रेघ. सगळे रविवारी आणते. ती वाकडी काठी आणि बॅग तुम्ही न्याल का दादा? ग्रिप मी बदलून घेते. आई हो म्हणालीये.

रविवारची चौकडी
पिवळा माझा. फेब्रुवारीत नवव्या होलच्या बाभळीत गेला होता. मी म्हटलं होतं काका, सोडा.