घरात ओढाताण असताना मुलांना दानत शिकवायची का?

खडूफळा: काल इथे एकाने लिहिलं, 'नोकरी गेलेल्या घरात मुलाला दुसऱ्याला द्यायला शिकवणं म्हणजे त्याच्याच तोंडचं काढून घेणं. दानत ही पोट भरलेल्यांची चैन.' वाचून डोकं फिरलं, म्हणून हा वेगळा धागा.

देणं म्हणजे पैसेच, हे कोणी ठरवलं? आधी मुलाला खरी परिस्थिती सांगा: पैसे कमी येणार, अमुक बंद, तमुक चालू. लपवलंत तर ते स्वतःच काहीतरी भयंकर कल्पून बसतं. मग एकच काम, एकच वार, अर्धा तास. धाकट्या मुलाला वाचून दाखवणं, शेजारच्या आजोबांचं सामान वर नेऊन देणं. सहा वर्षांच्या मुलाबरोबर मोठं माणूस हवं, दहा वर्षांचं एकटं निभावतं. उत्साहात तीन कामं अंगावर घेतली की तिसऱ्या आठवड्यात सगळं बारगळतं, आणि पलीकडे कोणीतरी वाट बघत बसतं. मुलाच्या गल्ल्याला मात्र हात लावायचा नाही.

आणि देण्यातला आनंद शिकवावाही लागत नाही. 2012 च्या एका प्रयोगात दोन वर्षांच्या आतली मुलं स्वतःच्या वाडग्यातला खाऊ देताना जास्त खूश दिसली होती.

हिशेबवही: त्या मुलांना वाडगा प्रयोग करणाऱ्यांनीच भरून दिला होता हो! बापाची नोकरी गेली नव्हती.

अशा घरातलं मूल आधीच धाकट्याला सांभाळतं, पाणी भरतं, रांगेत उभं राहतं. त्याला आधी 'सेवा' म्हणा. वर आणखी अर्धा तास कुठून आणायचा? आई दोन पाळ्या करत असेल तर सोबत कोण जाणार? जायचं-यायचं भाडं कोण भरणार?

गोधडी: मग लोक सोपी वाट काढतात, 'जुने कपडे द्या'. त्यांना एकदा कपडे निवडायला बसवा. एक दमट सदरा प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधला की चार दिवसांत सगळी पिशवी कुबट. बूट सुटे टाकतात, जोडीतला एक हरवतो आणि दुसरा कचऱ्यात जातो. नाड्या एकमेकींना बांधा की!

आठ वर्षांच्या मुलाला हे नीट जमतं. कपडा उजेडासमोर धरायचा; काख आणि गुडघे विरलेत का बघायचं. चेन दोनदा वरखाली करायची, इलॅस्टिक ताणून सोडायचं. घालण्याजोगे, दुरुस्तीचे, पुसायला, असे तीन ढीग. शंका आली तर खालच्या ढिगात.

तिरकस: दुरुस्तीचा ढीग वर्षभर तसाच पडतो, त्याचं काय? मुलांना बटण लावायला शिकवा. दोरा दुहेरी. जाड कापड असेल तर बटणावर आगकाडी आडवी ठेवून तिच्यावरून टाके घ्यायचे, काडी काढायची, बटण वर ओढून खाली दोऱ्याचे तीन-चार वेढे. नाहीतर बटण कापडाला घट्ट चिकटतं, काजात बसत नाही आणि ओढून ओढून तुटतं.

खडूफळा: धागा दानतीवर आहे, बटणावर नाही.

तिरकस: तुटक्या बटणाचा सदरा देणं ही कसली दानत?

हिशेबवही: तुम्हा सगळ्यांना देणाराच दिसतो. घेणारं मूल त्याच वर्गात असतं! कॉलरच्या आत आधीच्या मालकाचं नाव तसंच, मधल्या सुट्टीत कोणीतरी ते मोठ्याने वाचणार. वर देतानाचा फोटो, सेवेच्या तासांचं प्रमाणपत्र. ही दानत नाही, जाहिरात आहे.

खडूफळा: प्रमाणपत्राबद्दल शंभर टक्के मान्य. 2008 च्या प्रयोगात वीस महिन्यांच्या मुलांना मदतीबद्दल खेळणं बक्षीस दिलं. बक्षीस थांबल्यावर ती इतरांपेक्षा कमी मदत करू लागली. घरकामाला सेवा म्हणायचं तर म्हणा बापडे. पण मग घराबाहेरचं काम पूर्ण माफ, असं नाही.

हिशेबवही: मान्य केल्याबद्दल उपकार झाले. माफ नाहीच, पण क्रम उलटा करा. मुलाला आधी मदत मागायला शिकवा: कोणाकडे जायचं, नेमकं काय हवं ते कसं सांगायचं, नको असेल तर नाही कसं म्हणायचं. खाली मान न घालता घेता आलं की मग देण्याचं बघू.

गोधडी: कॉलरचं पटलं. पण नावावर पेन फिरवू नका, धुतल्यावर पुन्हा दिसतं. पट्टीची शिवण उसवून ती काढायची, कात्रीने ओढायची नाही, कापड फाटतं. आणि माप टाचणीने लावू नका. कागदी चिकटपट्टीवर लिहून पिशवीवर चिकटवा.

तिरकस: उसवलेली बाजू परत शिवायला दोरा दुहेरीच.