ट्रिपल क्राउनच्या शर्यतींमधले दिवस वाढवावेत का?

लगाम, जुळे सोलापूर
माझं मत स्पष्ट आहे, वाढवावेत. अमेरिकेत मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी केंटकी डर्बी (१० फर्लांग, एक फर्लांग म्हणजे साधारण २०० मीटर), दोन आठवड्यांनी प्रीकनेस (साडेनऊ), पुढे तीन आठवड्यांनी बेलमाँट (१२). तिन्ही जिंकणाऱ्या घोड्याला ट्रिपल क्राउन मिळतो. दमलेल्या स्नायूंतला ग्लायकोजेन साधारण तीन दिवसांत भरून येतो, पण हाडाचं गणित वेगळं. पुढच्या पायाच्या नळीच्या हाडात बारीक चिरा पडतात. त्या भरताना शरीर आधी खराब हाड काढून टाकतं, मग नवं घालतं. मधले काही आठवडे ती जागा कच्ची असते आणि नेमकं तेव्हाच घोडा पुन्हा शर्यतीच्या गेटमध्ये उभा राहतो. २०२५ ला डर्बी जिंकलेल्या सॉव्हरेन्टीला प्रीकनेसला उतरवलंच नाही. पाच आठवड्यांनी ताजा येऊन त्याने बेलमाँट मारली. चार-चार आठवडे ठेवा, जास्त घोडे उतरतील.

नाल, होटगी रोड
असं कसं हो? ट्रिपल क्राउनचा पहिला विजेता सर बार्टन बघा. १९१९ मध्ये १० मे रोजी डर्बी, १४ मे रोजी प्रीकनेस, मध्ये विदर्स नावाची आणखी एक शर्यत, ११ जूनला बेलमाँट. ३२ दिवसांत चार शर्यती, चारही जिंकल्या. १९४८ चा सायटेशन प्रीकनेस आणि बेलमाँटच्या मध्ये जर्सीत आणखी एक शर्यत जिंकून आला. १९७३ ला सेक्रेटेरियटने याच पाच आठवड्यांत डर्बी १ मिनिट ५९.४ सेकंदांत आणि बेलमाँट २ मिनिटं २४ सेकंदांत मारली, तीही ३१ लेंथने (लेंथ म्हणजे घोड्याची एक लांबी). दोन्ही विक्रम आजही उभे आहेत.

१९७९ ते २०१४ मध्ये बारा घोडे पहिल्या दोन जिंकून बेलमाँटला हरले, ते दिवस कमी पडले म्हणून नव्हे. १९९८ ला त्यांच्यातल्याच रिअल क्वाएटला नाकभर अंतराने हरवणारा व्हिक्टरी गॅलप स्वतः तिन्ही शर्यती धावला होता. खरी अडचण १२ फर्लांगांची आहे. पैदास वेगासाठी होते, दम कुठून येणार?

लगाम
एक उदाहरण तुम्ही उचललंत, दुसरं मी देतो. २०१४ ला त्याच बारांतल्या कॅलिफोर्निया क्रोमला हरवणारा टोनॅलिस्ट ना डर्बी धावला होता, ना प्रीकनेस. आणि सर बार्टनची बेलमाँट ११ फर्लांगांची होती, १२ झाली १९२६ पासून. १९३० ला गॅलंट फॉक्सने प्रीकनेस आधी आणि डर्बी नंतर जिंकली. १९४१ ला व्हर्लअवेला मध्ये एकच आठवडा मिळाला. ज्या वेळापत्रकाला आपण परंपरा म्हणतो, ते इतक्या वेळा हललंय.

खरारा, अक्कलकोट रोड
दिवस वाढवले की घोडे येतात, हे मला पटत नाही. इंग्लंडच्या ट्रिपल क्राउनमध्ये पहिली शर्यत गिनीज मेमध्ये, मग डर्बी, शेवटची सेंट लेजर थेट सप्टेंबरमध्ये, आणि शेवटचा विजेता १९७० चा निजिन्स्की! २००९ ला सी द स्टार्सने गिनीज आणि डर्बी जिंकून सेंट लेजर सोडली, पॅरिसला जाऊन आर्क ही मोठी शर्यत जिंकली. २०१२ ला कॅमलॉट सेंट लेजरला उतरला, पाऊण लेंथने हरला. पावणेदोन मैल जिंकलेल्या घोड्याला पैदाशीसाठी घोडीवाले फारसे विचारत नाहीत, तर मालक कशाला जोखीम घेईल?

आपल्याकडेही तेच. मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सला डिसेंबरात गिनीज (१६०० मीटर), फेब्रुवारीत डर्बी (२४००), मग सात महिन्यांनी पुण्याला सेंट लेजर (२८००). आपल्याला सोलापूरहून सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने गाठता येईल अशी तीच एक क्लासिक (मानाची शर्यत). ट्रेनरला घोडा दोनदा शिखरावर आणावा लागतो. डर्बीनंतर विश्रांती, मग चालवणं, हलका कँटर (संथ दौड), हळूहळू लांब काम, तेही पावसाने मऊ झालेल्या ट्रॅकवर. घाई झाली तर पायाच्या शिरा धरतात, ढिलाई झाली तर शेवटच्या ४०० मीटरांत दम जातो. म्हणून आपल्याकडच्या स्क्वांडरर या घोड्याने तिन्ही जिंकल्या, त्याची किंमत मला अमेरिकेतल्या कुठल्याही विजेत्याइतकी वाटते.

लगाम
मग जपान? एप्रिलमध्ये २००० मीटर, मेअखेर २४००, ऑक्टोबरात ३०००. शेवटच्या दोहोंत पाच महिने. तरी १९४१ च्या सेंट लाइटपासून २०२० च्या कॉन्ट्रेलपर्यंत आठ विजेते. तिथे लांब शर्यतीला मान आहे, म्हणून घोडे थांबतात.

नाल
मान आहे म्हणून थांबतात, हे मान्य. पण तेच माझं म्हणणं आहे, दिवसांमुळे नाही! आणि सॉव्हरेन्टीच्या उदाहरणात एक गोष्ट राहिली. बेलमाँट पार्कचं बांधकाम चालू असल्यामुळे २०२४ आणि २०२५ ची शर्यत साराटोगाला झाली, १० फर्लांगांची. त्याला बारा धावावे लागलेच नाहीत.